गाडीचे वय नव्हे, धाव पाहा



फेडरेशनच्या कामासाठी आम्ही बंगळुरूला गेलो असता सर्जापूर रोडवर एका निवृत्त गार्ड बांधवांच्या मुलाकडे उतरलो होतो. मुलगा तेथील संगणक कंपनीत नोकरीला आहे. दारात २०१४ साली घेतलेली पेट्रोलची लहान गाडी. कामावर ने-आण कंपनीची बस करते, त्यामुळे गाडी वर्षाला जेमतेम ५,००० किलोमीटर चालते. तरी मुलगा म्हणाला, "काका, ही विकून नवी घेतो. जुन्या गाडीने प्रदूषण होते." आम्ही कागद-पेन्सिल मागितली.

हिशेब असा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुनी गाडी लिटरला १२ व नवी १८ किलोमीटर देते असे धरले, तर वर्षाला सुमारे १४० लिटर पेट्रोल, म्हणजे ३२० किलो वायू वाचेल. परंतु नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचे पोलाद, ॲल्युमिनियम, काच भट्टीतून येते. त्यापायी पाच टन वायू धरला, तरी तो फिटायला पंधरा वर्षे लागतील! शिवाय विकलेली गाडी दुसऱ्या कोणाकडे धावतच राहणार. विजेच्या गाडीचेही तेच. बॅटरी बनवण्याचा बोजा भरपूर धावल्यावरच फिटतो.

मग जुने ते सोने म्हणायचे काय? मुळीच नाही. हीच गाडी टॅक्सी म्हणून वर्षाला ५०,००० किलोमीटर धावत असती, तर बोजा सुमारे दीड वर्षातच फिटला असता. विषारी धुराचा प्रश्न तर वेगळाच. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्या जुन्यांपेक्षा पुष्कळ कमी काजळी सोडतात. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या नियमाने रस्त्यावरून गेली. आम्हालाही वाईट वाटले. पण दिवसभर धावणाऱ्या गाडीला तो नियम योग्यच होता.

आमचा आक्षेप आहे तो नुसते कॅलेंडर पाहण्याला. महाराष्ट्रात वा कर्नाटकात खाजगी मोटार १५ वर्षांनंतर तपासणीत उतरली की पुन्हा नोंदता येते. सरकारी गाडीची नोंदणी मात्र १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर वाढवली जात नाही, मग कारागिरांनी ती कितीही जिवापाड राखलेली असो. तिच्याबरोबर दुरुस्तीचे कामही जाते, हे विसरू नये.

आपल्या रेल्वेची रीत पाहा. डबा ठरल्या मुदतीत पी.ओ.एच.साठी वर्कशॉपमध्ये येतो, तपासला जातो, पुन्हा धावतो. प्रवासी सेवेतून काढलेल्या आय.सी.एफ. डब्यांचे एन.एम.जी. डबे होतात व त्यांतूनच नव्या मोटारी देशभर जातात. जुना डबा नव्या गाड्या वाहतो, बांधवांनो!

संध्याकाळी इब्लूर चौकात पाहिले, तर जुन्या-नव्या सर्वच गाड्या इंजिन चालू ठेवून रांगेत उभ्या. नवी गाडी घेतल्याने ही रांग एका हातानेही कमी होणार नाही. येथून जवळच कार्मेलराम स्टेशन आहे. त्यावरून हीलळिगे ते राजानुकुंटे असा उपनगरी मार्ग जायचा आहे. प्रकल्पाची पायाभरणी २० जून २०२२ रोजी झाली. लोकल अजून धावलेली नाही.

म्हणून आमची मागणी आहे. सरकारी गाड्यांचाही निकाल वयावर न लावता धाव, धूर व तपासणीवर लावावा. उपनगरी रेल्वे विनाविलंब पुरी करावी व ती कायम कामगारांच्या हाती चालावी.

त्या मुलाने गाडी तूर्त ठेवली आहे. तिची सर्व्हिसिंग वेळेवर व्हावी, चाकांत हवा पुरेशी असावी आणि धूर तपासणी चुकू नये, एवढे आम्ही त्याला बजावून आलो. आपल्या दारच्या स्कूटरलाही हेच लागू आहे.