उलटी वाचायची पोथी

कर वाचविण्यासाठी मनुष्य जी बुद्धी खर्च करतो, तीतून क्वचित एखादी विद्याही जन्मास येते. इंग्लंडातील घरी बांधावयाच्या मोटारींची कथा ह्याच प्रकारची असल्याने ती वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

१९५७ साली लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन ह्यांनी ‘सेव्हन’ नावाची, दोन आसनांची, बिनछपराची व वजनाला अतिशय हलकी अशी वेगवान मोटार बाजारात आणली. तयार मोटारीवर त्या काळी तेथे जबर खरेदीकर असे. सुट्या भागांचा संच घेऊन घरी जोडल्यास तो वाचे. मात्र संचासोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. मोटार उलगडण्याच्या सूचना देऊ नयेत, असे कायदा कोठेही म्हणत नव्हता! लोटसने उलगडण्याच्याच सूचना दिल्या. ग्राहकाने त्या शेवटून आरंभाकडे वाचावयाच्या. १९७३ साली करपद्धती बदलली, ती सवलत गेली आणि ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम कंपनीकडे आले. कर गेला, पण घरी मोटार बांधण्याची हौस गेली नाही.

पुढे १९९६ मध्ये रॉन चँपियन नावाच्या गृहस्थांनी अवघ्या अडीचशे पौंडांत अशी मोटार कशी बांधावी, ह्याचे पुस्तकच लिहिले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरपेटी व मागचा आस घ्यावयाचा आणि सांगाडा आपण स्वतः जोडावयाचा. एक इंची चौकोनी पोलादी नळ्या मोजून कापायच्या, सपाट फळीवर आखलेल्या रेषांवर मांडायच्या आणि प्रथम नुसते वेल्डिंगचे टाके घालायचे. एकदम पूर्ण सांधा जोडला तर उष्णतेने पोलाद ओढले जाते आणि चौकट वाकडी होते. मग दोन्ही कर्ण मोजायचे. ते समान भरले, तरच आयत काटकोनात आहे. आठवी-नववीत घोकलेला हा सिद्धान्त येथे गुणांसाठी नसतो. चौकट तिरकी राहिली, तर चाके सरळ धावत नाहीत. पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांचा एखादा सांधा कच्चा राहिला, तर भर वेगात चाक निखळते, आणि आसनावर तो सांधा जोडणाराच बसलेला असतो. वहीतील चूक तांबड्या शाईवर निभावते. ही निभावत नाही. म्हणूनच घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी ब्रिटनमध्ये सरकारी तपासणी होते. ब्रेक, दिवे, पट्ट्यांचे आधार तर पाहतातच. पण बाहेर आलेली एखादी धारदार कडाही नापास करते.

ह्यात शिक्षणाचे एक तत्त्व आहे. औंडल येथील शाळेचे मुख्याध्यापक सँडरसन ह्यांनी १८९२ पासून १९२२ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत वर्गाइतकेच मोल कर्मशाळेला दिले, एच. जी. वेल्स ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते काही उगीच नव्हे. आमच्याकडे मात्र हात काळे करणारा मुलगा अभ्यासात मागे राहिलेला समजला जातो.

तरीही गुण कोठेही उगवतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातील भाग जमवून, दुचाकीप्रमाणे लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. आनंद महिंद्रा ह्यांनी तिची दखल घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या मोबदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. अशी गाडी आपल्या रस्त्यांच्या नियमांत बसत नाही आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने नियम असावेतच. पण नियमांपलीकडे त्या कारागिराच्या बोटांत जे ज्ञान होते, ते त्याला कोणत्या शाळेने दिले, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना टोचल्यावाचून राहत नाही.

वाचकांनी घरात मोटार बांधावी, असे आमचे म्हणणे नाही. बंद पडलेला पंखा, जुने घड्याळ, सायकलचे मागचे चाक एवढे पुरे आहे. वीज तोडून, वडीलधाऱ्यांच्या देखत, मुलांना ते एकदा खोलू द्यावे. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर क्रमाने मांडावयास सांगावे. आणि मग तो कागद उलटा वाचावयास लावावा. एखादा स्क्रू उरलाच, तर रागावू नये. तो कोठला, हे शोधण्यातच त्या दिवसाचा धडा आहे.