'सनातनी' की 'सम्यक्'? एका शब्दाचा मागोवा



२०२५ साली निकेआच्या पहिल्या विश्वपरिषदेस १७०० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त परमगुरुस्वामी लिओ चौदावे यांनी २८ नोव्हेंबर २०२५ रोजी तुर्कस्तानातील इझनिक, म्हणजेच प्राचीन निकेआ, येथे कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्यासमवेत प्रार्थना केली आणि निकेआचा विश्वासांगीकार म्हटला. हे वृत्त मराठीत सांगू जाता एक अडचण उभी राहते. 'ऑर्थोडॉक्स' या शब्दास मराठीत काय म्हणावे?

आपले शब्दकोश 'सनातनी', 'कर्मठ', 'पुराणमतवादी' असे प्रतिशब्द देतात. यातील एकही मूळ अर्थाला धरून नाही. 'सनातन' म्हणजे कालातीत. पण मराठीत 'सनातनी' हा शब्द एकोणिसाव्या शतकातील सुधारकांशी झालेल्या वादांतून गेला, आणि आता तर तो राजकारणाच्या व्यासपीठावर जाऊन बसला आहे. 'कर्मठ' हा कर्मकांडाकडे बोट दाखवतो. (हिंदीत तोच शब्द कष्टाळू माणसाच्या स्तुतीसाठी वापरतात, ही आणखी एक गंमत!) असे शब्द वापरून आपण श्रद्धेविषयी बोललो, तर ऐकणाऱ्याच्या मनात हट्टी, मागासलेला माणूस उभा राहतो.

मूळ ग्रीक शब्द 'ऑर्थोस' म्हणजे सरळ, योग्य. 'डोक्सा' म्हणजे मत. परंतु 'डोक्सा'चा प्रवास इथे थांबत नाही. हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर करताना देवाच्या वैभवासाठी असलेल्या 'कावोद' या शब्दाकरिता भाषांतरकारांनी 'डोक्सा'च योजला. साहजिकच ख्रिस्ती कानांना 'ऑर्थोडॉक्सी'त योग्य मत आणि योग्य गौरव असे दोन्ही ऐकू येऊ लागले. स्लाव्ह लोकांनी आपल्या भाषेत तो शब्द नेताना दुसराच अर्थ निवडला. त्यांच्या 'प्रावोस्लाव्ये'त स्तुतिगौरव आहे.

मग आपणास जवळचा शब्द कुठे सापडेल? आपल्या अमरावती धर्मप्रांतातील वाशिम जिल्ह्यातच तो आहे. कारंजा लाड येथील जैन हस्तलिखितांची भांडारे विख्यात आहेत, आणि जैन धर्मात मोक्षमार्गाचा आरंभ 'सम्यक् दर्शना'ने होतो. आपले बौद्ध शेजारी अष्टांगिक मार्गात 'सम्यक् दृष्टी' प्रथम सांगतात. 'सम्यक्' म्हणजे योग्य, यथार्थ. 'ऑर्थोस'ला याहून निकटचा मराठी सोबती मला तरी दिसत नाही. अर्थात श्रद्धेचा आशय वेगवेगळा आहे हे विसरता कामा नये; उसना घ्यायचा तो केवळ शब्द.

याच जिल्ह्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांस ते पूज्य. मूर्तीचा लेप, कंदोरा आणि व्यवस्थापन यांवरून त्यांच्यातील वाद १९२९ साली थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९८१ पासून मंदिर कुलूपबंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ मधील आदेशानंतर ते पुन्हा उघडले. त्या वादात कोणाचे बरोबर, हे सांगणे आपले काम नव्हे. मला लक्षणीय वाटते ते असे, की 'तत्त्वार्थसूत्र' दोन्ही पंथांना मान्य आहे. तत्त्व एक, तंटा आचाराचा आणि अधिकाराचा.

आपण ख्रिस्ती लोकांनी यावर मान हलवण्याआधी केरळकडे पाहावे. मलंकर परंपरेतील ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट हे दोन्ही गट निकेआचाच विश्वासांगीकार म्हणतात. तरी चर्चच्या ताब्यासाठी पिढ्यान्पिढ्या न्यायालयात आहेत. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९३४ च्या घटनेनुसार कारभार व्हावा असा निर्णय दिला, तरीही तंटा शमला नाही. तिथे 'ऑर्थोडॉक्स' हे फाटकावरील पाटीचे नाव झाले आहे.

निकेआत मात्र वाद खरोखर श्रद्धेचाच होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस पुत्राला निर्माण केलेला मानीत होता. परिषदेने 'होमोऊसिऑस', म्हणजे पित्याशी एकतत्त्व, हा शब्द स्वीकारला. हा शब्द पवित्र शास्त्रात नाही, म्हणून कित्येक महागुरू अस्वस्थ होते. पुढे सम्राट कॉन्स्टॅन्शियस दुसरा याने एरियसपंथीयांना हात दिला आणि निकेआची बाजू लावून धरणाऱ्या संत अथानासियसला आयुष्यात पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. सत्तेच्या दरबारी त्या काळी 'मान्य' असलेले मत त्याचे नव्हते. ३८० साली सम्राट थिओडोसियसने निकेआच्या श्रद्धेस राजमान्यता दिली, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने तिची पुष्टी केली. तोवर अथानासियस निवर्तला होता.

म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात 'ऑर्थोडॉक्स म्हणजे जुन्या वळणाचे' असे सांगू नये, अशी शिक्षकांना माझी विनंती आहे. 'सम्यक् श्रद्धा' म्हणावे, आणि पूर्वेकडील बंधूंच्या चर्चचे नाव म्हणून 'ऑर्थोडॉक्स' तसेच ठेवावे.

राहता राहिला ईस्टरच्या दिवसाचा प्रश्न, ज्याचा निवाडा निकेआनेच केला होता. २०२५ साली रोमन कॅथलिकांनी आणि ग्रीक व रशियन ऑर्थोडॉक्सांनी २० एप्रिल या एकाच दिवशी ईस्टर साजरा केला. २०२६ साठी मात्र कॅथलिक पंचांगात ५ एप्रिल आणि त्यांच्या पंचांगात १२ एप्रिल ही तारीख होती.