रक्तातली शिकार आणि दप्तरातली शिकार

आपल्या समाजात सध्या एक नवा सूर ऐकू येऊ लागला आहे. वेळीच खोडून काढला नाही, तर पुढच्या पिढीला तो इतिहास वाटू लागेल, अशी आम्हास साधार भीती वाटते. सूर असा : बडोद्याचे मराठी लोक हे मुळात शिकारी घराण्यांचे लोक. १९७२ च्या कायद्याने आपला वारसा हिरावून घेतला. तिकडे अमेरिकेत आपलीच नातवंडे परवाना काढून धनुष्यबाणाने हरिण मारतात, त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. मग इथे निदान शेताची नासाडी करणारे रोझ तरी धनुष्याने मारू द्यावेत. आणि या मागणीचा श्रीगणेशा म्हणून घरोघरची शिंगे, कातडी, छायाचित्रे व शस्त्रे जमवून एक प्रदर्शन भरवावे. त्यासाठी खंडेराव मार्केटचा परिसर मिळाला तर औचित्यही साधेल, कारण खंडेराव महाराज शिकारीचे शौकीन होते.

औचित्यापासूनच आरंभ करू. खंडेराव मार्केट खंडेरावांनी बांधलेले नाही. खंडेरावांची कारकीर्द १८५६ ते १८७० ची. मार्केट उभे राहिले १९०६ च्या सुमारास, तिसऱ्या सयाजीरावांच्या कारभाराला पंचवीस वर्षे होत आल्याच्या निमित्ताने, आणि त्यांनी ती इमारत नगरपालिकेला देऊन टाकली. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी १८७५ मध्ये सयाजीरावांना दत्तक घेतले. त्या नात्याने पित्याचे नाव मुलाने या वास्तूला दिले. आज तिथे महानगरपालिकेचे कार्यालय आहे आणि मागे भाजी, फळे व फुलांचा बाजार आहे. ज्या राजाच्या नावाशी चित्ते, हत्तींच्या झुंजी आणि मल्लांचे आखाडे जोडलेले, त्याचे नाव मेथीच्या जुड्यांवर आणि झेंडूच्या माळांवर राहिले, हा योग जुळवणाऱ्या सयाजीरावांच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु त्या कमानींखाली काळविटांची मुंडकी मांडण्याची कल्पना त्यांना सुचली नव्हती, एवढे खरे.

आता 'शिकारी घराणी'. वाचकांनी राग मानू नये; परंतु आपापल्या घरातली जुनी कागदपत्रे काढून पाहावीत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या भागांत ज्या मराठी कुटुंबांनी वाडे बांधले, त्यांत शिलेदार, पागेदार व दरकदार होते हे खरेच. पण संख्येने फार मोठा वर्ग कारकून, फडणीस, मास्तर, वकील, वैद्य आणि पुराणिक यांचा होता. शिकारखाना हे दरबारचे एक खाते होते. त्या खात्याला चित्त्यांच्या मांसाचा, बैलगाड्यांच्या भाड्याचा आणि हाक्याला आणलेल्या माणसांचा हिशेब ठेवणारे लोक लागत. आपले पणजोबा हा हिशेब ठेवीत. पणजोबांच्या हाती बोरू होता, आणि पणतू म्हणतो, 'शिकार आमच्या रक्तात आहे'. रक्तात नव्हे, दप्तरात होती. त्यात कमीपणा कसला? उलट चोख हिशेब ठेवणे ही आपल्या समाजाची खरी कमाई. ती टाकून उसनी मर्दुमकी मिरवण्याची हौस मात्र अलीकडची आहे.

आणि ती मर्दुमकी तरी कशी होती? फ्रेंच प्रवासी लुई रूसले १८६४ मध्ये बडोद्यास येऊन राहिला आणि खंडेरावांच्या दरबारातील खेळांची व शिकारीची वर्णने त्याने लिहून ठेवली. महीकाठी डबक्याला गायकवाडांचे शिकारीचे ठाणे होते. शहराच्या दक्षिणेला मकरपुऱ्यास हरणांसाठी राखलेले रान आणि खंडेरावांनी बांधलेला महाल होता. चित्त्याच्या शिकारीची रीत ठरलेली असे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवीत. शेतात रोज दिसणाऱ्या गाडीला काळवीट बुजत नाहीत, म्हणून गाडी कळपाच्या जवळ नेता येई. मग टोपी काढायची, चित्त्याला नर दाखवायचा आणि सोडायचे. काहीशे हातांत निकाल लागे. चित्तेवान धावत जाऊन काळविटाचा गळा चिरी आणि पळीभर रक्त चित्त्याच्या तोंडाशी धरून त्याला सोडवून घेई. या सगळ्यात महाराजांचे काम पाहण्याचे. गाडीत बसून केलेल्या या खेळाला आपण शौर्य म्हणतो आहोत.

त्या खेळाची किंमत मात्र रानाने मोजली. पिंजऱ्यात चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे. शिवाय आईने शिकार शिकविलेला, रानातून धरलेला मोठा चित्ताच कामाचा ठरे. म्हणजे संस्थानांच्या पागांतला एकेक चित्ता रानातून वजा झालेला. विसाव्या शतकात भावनगर, कोल्हापूर यांसारख्या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले, कारण इथले संपत आले होते. १९४७ च्या सुमारास कोरियाच्या राजाने एका रात्री तीन मारले. त्यानंतर इथे चित्ता मारल्याची खात्रीची नोंद नाही, आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ च्या सप्टेंबरात कुनोला नामिबियाहून चित्ते आणून सोडले, ते या जुन्या ऋणापोटीच. वारसा सांगायचा तर तो ऋणासकट सांगावा लागतो.

आता अमेरिकेकडे वळू. तिकडच्या आपल्या मुलांवर आमचा रोष नाही. त्यांतल्या एकाने सुटीत इथे आला असता आम्हास सर्व प्रकार मोठ्या आवडीने समजावून दिला, आणि त्याच्या बोलण्यात इथल्या वारसावाद्यांपेक्षा अधिक विवेक होता. तिथे बहुधा पुलीचे धनुष्य वापरतात, ज्याला कंपाउंड बो म्हणतात. दोरी पूर्ण ताणली की चाकांच्या योगाने हातावरचा भार पाऊण-एक हिश्श्याने उतरतो, त्यामुळे नेम धरून थांबता येते. पेनसिल्व्हेनियात धनुष्याचा ताण किमान पस्तीस पौंड असावा असा नियम आहे. बाणाचे फाळ वस्तऱ्यासारखे धारदार लागते, कारण बाण गोळीप्रमाणे धक्क्याने मारीत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून वीस-तीस यार्डांच्या आत जनावर येईपर्यंत झाडावरच्या माचीवर, वाऱ्याची दिशा सांभाळीत, तास न् तास बसायचे. आडवे उभे राहिलेल्या जनावराच्या फुप्फुसावरच बाण सोडायचा. आणि बाण लागल्यावर लगेच धावायचे नाही. निदान अर्धा तास थांबून मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. हे सर्व शिकल्याचा दाखला आधी, परवाना मागाहून.

परंतु त्याच्या सांगण्यातला कळीचा भाग धनुष्याचा नव्हताच. तो होता जमिनीचा. धनुष्य दुकानात मिळते, जमीन मिळवावी लागते, असे तो म्हणाला. एक तर हंगामापूर्वी शेतकऱ्याच्या दारी जाऊन परवानगी मागायची, कुंपण दुरुस्तीला हातभार लावायचा, मांसाचा वाटा पोहोचवायचा. नाही तर सरकारने शिकारीसाठी राखलेल्या रानात जायचे. पेनसिल्व्हेनियात असे रान पंधरा लाख एकरांवर आहे. तिथेही विसाव्या शतकाच्या आरंभी हरणे जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये मंडळ नेमून, बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडून, त्यांनी ती पुन्हा वाढविली. शिकारीच्या शस्त्रांवर १९३७ पासून केंद्रीय कर आहे आणि त्याचे उत्पन्न वन्यजीवांवरच खर्च होते. त्या कराच्या कक्षेत धनुष्यबाण आणणारी दुरुस्ती १९७२ ची, म्हणजे आपल्याकडे शिकारबंदीचा कायदा झाला त्याच वर्षीची. तिकडचा शिकारी पन्नास वर्षे रानासाठी पैसे भरतो आहे. इथल्या शिकारवारशाच्या अभिमान्याने रानासाठी काय भरले?

जमिनीचाच प्रश्न त्यांना विचारावा. बडोद्याच्या आसपास धनुष्य घेऊन जाणार कुठे? मकरपुऱ्याच्या महालात हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि भोवतालच्या भागात औद्योगिक वसाहत. जुन्या कुरणांवर वस्त्या, कारखाने, रस्ते आले. त्या भूखंडांच्या व्यवहारांत आपल्यातल्या कित्येकांचे हात ओले झाले, हे या ठिकाणी नोंदविणे अप्रिय असले तरी अवश्य आहे. भावनगरजवळ वेळावदरला महाराजांचे गवताचे बीड होते. १९७६ मध्ये तिथे काळविटांचे राष्ट्रीय उद्यान झाले, उणेपुरे चौतीस चौरस किलोमीटर. तेवढे गवत राहिले म्हणून तेवढी काळविटे राहिली. ज्यांनी हरणांची जमीन विकली, त्यांनीच हरणे मारण्यासाठी जमीन मागावी, हा युक्तिवाद आमच्या आकलनापलीकडचा आहे.

रोझाचे गाऱ्हाणे खोटे नाही. रात्रीत तुरीचे किंवा कपाशीचे शेत लोळविले की शेतकऱ्याचे वर्ष जाते. पण त्याला हवे ते कुंपण, राखणीची मजुरी आणि वेळेवर भरपाई. त्याला शहरातून आलेला धनुर्धर नको आहे. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर भरतो. बाण चुकीच्या जागी लागला तर तो मैल-दोन मैल जाईल. पेनसिल्व्हेनियात त्याचा माग रानातून काढतील. इथे तो चार खातेदारांची उभी पिके तुडवीत हमरस्त्यावर जाऊन पडेल. बिहारात २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेवर नीलगायी मारल्या. त्यावर केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. पिकांचे रक्षण हा विषय मात्र मागे पडला.

यापुढचा मुद्दा आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धनुष्य या भूमीत नवे नाही. बडोद्यापासून दोन-अडीच तासांवर छोटाउदेपूर. तिथल्या राठवा व भिल्ल घरांतून तिरकामठा पिढ्यान्‌पिढ्या आहे. कामठाही बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिरफाळीची. उदयपूर जिल्ह्यातल्या अशाच बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला लिंबाराम पुढे ऑलिंपिकला गेला आणि २०१२ मध्ये पद्मश्री झाला. याच तिरकामठ्याने राठव्याच्या पोराने आज ससा मारला तर तो गुन्हेगार. पारध्याची कथा तर याहून कठोर : १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची सोय केली, त्यांत पारधीही पुढे आले. १९५२ मध्ये तो शिक्का पुसला तो कागदावर. या जमातींसाठी बडोद्यातूनच गणेश देवी यांनी, महाश्वेतादेवी व लक्ष्मण गायकवाड यांच्यासह, १९९८ मध्ये चळवळ उभारली. ती आपल्या दाराशी घडत असताना आपल्यातले किती जण तिकडे फिरकले? पोटासाठी मारले तर चोरी, हौसेसाठी मारले तर संस्कृती, ही वाटणी ज्यांना मान्य असेल त्यांनी खुशाल प्रदर्शन भरवावे. आमची संमती गृहीत धरू नये.

अमेरिकेतल्या धनुष्यशिकारीच्या मुळाशीही असेच एक शल्य आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ज्याची सारी जमात संपविली, तो इशी नावाचा याही जमातीचा एकटा उरलेला माणूस १९११ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. त्याला वस्तुसंग्रहालयात ठेवले. तिथे सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य शिकून घेतले. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला, आणि पोपच्या १९२३ च्या पुस्तकातून हा छंद देशभर पसरला. एकलव्याची गोष्ट सांगून डोळे पुसणाऱ्या आपल्या समाजाने तरी हा क्रम ओळखावा.

राहता राहिली भिंतीवरची शिंगे. इथे भावनेपेक्षा कायदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण प्रदर्शनाच्या उत्साहात कोणी वयोवृद्ध गृहस्थ कोर्टाची पायरी चढावयाचे. चितळ-सांबरांची शिंगे दरवर्षी गळून पडतात, काळविटाची गळत नाहीत. म्हणजे भिंतीवर काळविटाची जोडी असेल तर 'रानात सापडली' हे सांगणे फारसे उपयोगाचे नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. हत्यार बंदूक असो, फासा असो वा बाण, त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजारांचा दंड आहे. धनुष्याला परवाना लागत नाही म्हणून धनुष्याने शिकार चालते, हा समज निराधार आहे. जुन्या वस्तू जाहीर करण्याची मुदत १९७२ च्या कायद्यानंतर मिळाली होती. २००३ मध्ये आणखी एकशेऐंशी दिवस मिळाले. ज्यांनी तेव्हा नोंद करून मालकीचे प्रमाणपत्र घेतले, त्यांच्या वारसांनी वारसा आल्यापासून नव्वद दिवसांत नव्याने जाहीर करावे लागते. हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. प्रमाणपत्र असलेली वस्तूही विकता येत नाही. ज्यांना ती घरात नको असेल त्यांच्यासाठी २०२२ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने सरकारजमा करण्याची वाट मोकळी केली आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांना कामाचे सात दिवस आधी लेखी कळवावे लागते, मोबदला मिळत नाही.

तेव्हा प्रदर्शन भरवू इच्छिणाऱ्या मंडळींनी शिंगांची यादी करण्याआधी प्रमाणपत्रांची यादी करावी. आणि छायाचित्रे लावायचीच असतील, तर महाराज व साहेब यांच्या मागे जे धोतरातले, अनवाणी हाकेकरी उभे दिसतात, त्यांची नावे शिकारखात्याच्या हजेरीपटांतून शोधून काढावीत. ते पट मोडीत असतील. मोडी वाचणारी चार माणसे आपल्यात अजून आहेत. त्यांना बोलावणे धाडावे.