मेरीचा बायोडेटा

बायोडेटामधली ‘गॅप’ कशी झाकायची, यावर फुकट सल्ला देणारे आपल्याकडे पुष्कळ. जॉब गेला? ‘फ्रीलान्सिंग’ लिही. वर्षभर घरी बसलास? ‘सेल्फ स्टडी’ म्हण. मला मात्र या खेळातली सगळ्यात भारी खेळाडू सापडलीय. मेरी रीबी! सिडनीत कुणी मित्र असेल, तर त्याला वीस डॉलरची नोट नीट बघायला सांगा. तिच्यावरची चष्मेवाली आजी म्हणजे ही. १९९४ पासून ती नोटेवर आहे.

आणि हो, ही आजी घोडेचोरीतली कैदी होती!

जन्म १७७७ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायरचा. चौदा वर्षांची असताना मुलाचे कपडे घालून, ‘जेम्स बरो’ हे नाव लावून फिरत होती, तेव्हा पकडली गेली. शिक्षा? सात वर्षं काळं पाणी. ब्रिटन तेव्हा आपले कैदी जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला धाडायचं. १७८८ ते १८६८ या काळात असे सुमारे १ लाख ६२ हजार जण गेले. मेरी १७९२ मध्ये सिडनीला उतरली.

दोन वर्षांनी थॉमस रीबीशी लग्न झालं. दोघांनी मिळून व्यापार उभा केला. १८११ मध्ये थॉमस वारला. पदरात सात मुलं. पण बाई खचली नाही. जहाजं, गोदामं, जमिनी, सगळं एकहाती सांभाळलं, वाढवलं. १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली, तीसुद्धा तिच्याच घरात!

१८२० मध्ये मेरी मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली. मग १८२८ ची जनगणना आली. ‘इथे कशा आलात?’ याचं तिनं दिलेलं उत्तर : मुक्त नागरिक म्हणून, १८२१ साली.

तसं बघितलं तर खोटं नाही. इंग्लंडहून परतली, ती १८२१ लाच. पण हिशेब करून बघा. शिक्षेची सात वर्षं लपवायला तिनं तब्बल २९ वर्षं खोडून टाकली. म्हणजे लग्न, मुलं, जहाजं, बँक, सगळंच त्यात गेलं. स्वतःच्या हिमतीवर जे कमावलं, नेमकं तेच.

पुढे कित्येक ऑस्ट्रेलियन कुटुंबांनीही कैदी पूर्वज असेच झाकून ठेवले. आज त्यांची नातवंडं-पतवंडं जुन्या नोंदींत तीच नावं हौसेनं शोधतात.

तेव्हा गॅप झाकताना जरा जपून. तिच्यासोबत आपण आणखी काय काय झाकतोय, तेही बघा.