सबवूफरची तार : निवड आणि मांडणी

दिवाणखान्यांतच चित्रपटगृह उभें करण्याची हौस आतां मध्यम स्थितींतल्या घरांतहि नवी राहिलेली नाहीं. मुलगा आपल्या पगारांतून यंत्रसंच घेऊन येतो, टेलिव्हिजनच्या दोहों बाजूंस ध्वनिक्षेपक बसतात, मागील भिंतीवर आणखी दोन चढतात, आणि शेवटीं प्रश्न उरतो तो एका जड, काळ्या, चौकोनी पेटीचा. ही पेटी, म्हणजे सबवूफर, कोठें ठेवावी यावर घरांत एकमत होण्यास आठ दिवस लागतात; आणि तेथपर्यंत तार कशी न्यावी यावर आणखी आठ. या विषयावर आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दोन तक्रारी पुनःपुन्हां आढळतात. दुकानदार सुचवितो ती तार पेटीच्या निम्म्या किंमतीची आहे, ती घ्यावी काय, ही पहिली. आणि पेटी सुरू करतांच अखंड 'घों घों' असा आवाज येतो, त्यास उपाय काय, ही दुसरी. एका भगिनींनीं तर असें कळविलें आहे कीं, कारागिरानें प्लगची जाड पिन मोडून टाकली व आवाज तत्काळ बंद झाला. घरांतील सर्व मंडळी त्याच्यावर खूष आहेत. हें वाचून आम्हांस मात्र भय वाटलें, आणि म्हणूनच हा विषय या महिन्यांत घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम सबवूफर करतो काय, तें पाहूं. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंतचीं आंदोलनें ध्वनिरूपानें कळतात. यांपैकीं तळचीं, म्हणजे सुमारें २० ते १२० आंदोलनें, उत्पन्न करणें एवढेंच या पेटीचें काम. काळी एक या पट्टींत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्यांतील खर्जाची तार सेकंदाला सुमारें ६९ आंदोलनें करते. तेव्हां सबवूफरचें राज्य खर्जाच्या थोडें वर सुरू होऊन त्याच्याहि पुष्कळ खालीं पसरलेलें आहे, हें संगीतज्ञ वाचकांच्या ध्यानीं येईल. मेघगर्जना, तोफेचा बार, भूकंपाचा गडगडाट हे सारे त्याच्या वांट्याचे. १९७४ सालीं 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटासाठीं 'सेन्सराउंड' नांवाची योजना निघाली, ती धरणीकंप प्रेक्षकांस अंगावर जाणवावा म्हणूनच. पुढें १९९२ सालीं 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल ही पद्धति चित्रपटगृहांत आली. तींत १२० आंदोलनांपर्यंतच्या ध्वनीसाठीं एक स्वतंत्र वाट राखून ठेवलेली असते, जाहिरातींतील '५.१' या आंकड्यांतला शेवटचा एक तो हाच.

ही आंदोलनें इतकीं मंद आहेत, हेंच तारेच्या निवडीचें मुख्य सूत्र होय. परंतु त्याआधीं आपली पेटी कोणत्या जातीची आहे, हें पाहिलें पाहिजे. पेटीच्या पाठीमागून विजेची दोरी निघत असेल, तर तिच्या पोटांतच शक्तिवर्धक आहे असें समजावें. अशा पेटीस रिसीव्हरकडून केवळ एखाद्या व्होल्टचा नाजूक संदेश हवा असतो, व तो एका पडदायुक्त तारेनें जातो. उलटपक्षीं, विजेची दोरी नसून मागें केवळ लाल-काळ्या दोन कळा असतील, तर सर्व शक्ति बाहेरूनच पुरवावी लागते, आणि तेथें दुपदरी जाड तांब्याची तार लागते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेनें १० मीटर अंतर गांठलें, तर जातांयेतां मिळून सुमारें ०.२३ ओहम विरोध होतो, २.५ चौरस मिलिमीटरची घेतल्यास तो ०.१४ पर्यंत उतरतो. चार ओहमच्या पेटीस ही दुसरी तार केव्हांहि बरी. बाजारांत स्वतंत्रपणें विकले जाणारे बहुतेक सबवूफर पहिल्या जातीचे असतात. म्हणून पुढील विवेचन त्यांस अनुलक्षून आहे.

या पडदायुक्त तारेची घडण सोपी आहे. मध्यें तांब्याची एक शीर, तिच्याभोंवतीं वीज न वाहूं देणारा थर, त्यावर तारांची विणलेली जाळी, आणि सर्वांवर बाहेरची साल. एकाच अक्षाभोंवतीं अशीं वेष्टनें चढविण्याच्या कल्पनेचें पेटंट ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८० सालीं घेतलें. दोन्ही टोकांस असणारा गोल प्लग 'आर.सी.ए.' या नांवानें ओळखला जातो. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या नांवाचीं तीं आद्याक्षरें. आंतील शीर संदेश नेते, आणि बाहेरची जाळी परतीची वाट होऊन शिवाय शेजारच्या विजेच्या तारांचा उपद्रव अडविते.

आतां मौल्यवान तारेचा प्रश्न. अशा तारेच्या वेष्टनावर ध्वनि अधिक खोल, अधिक वेगवान होतो, असें छापलेलें असतें. लांब तार कांहीं आंदोलनें गिळते हें असत्य नाहीं. परंतु १० मीटर तारेचा हा परिणाम, नेहमींच्या रिसीव्हरच्या बाबतींत, सेकंदाला लक्षावधि आंदोलनांच्या पलीकडे सुरू होतो. ज्या पेटीला १२० च्या वर जावयाचेंच नाहीं, तिला त्याची झळ ती काय लागणार? वेगाचें म्हणाल, तर १० मीटर तार ओलांडण्यास संदेशास सेकंदाच्या सुमारें दोन कोटीव्या भागाएवढा वेळ लागतो. तोच ध्वनि पेटींतून निघून हवेंतून एक मीटर येण्यास सेकंदाचा तीनशेंचाळिसावा भाग घेतो. म्हणजे खुर्ची वीतभर मागें सरकविल्यानें जो फरक पडेल, तो सर्व घरभर तार फिरविली तरी पडावयाचा नाहीं. प्लगवरील सोन्याचा मुलामा मात्र निरुपयोगी नव्हे. कोंकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेंत साधा धातु काळवंडतो, सोनें काळवंडत नाहीं. परंतु असा पातळ मुलामा साधारण किंमतीच्या तारेवरहि मिळतो.

मग पाहावें काय? जाळी दाट व तांब्याची असावी. तांब्याची दाट जाळी परतीच्या वाटेंतला विरोध कमी करते, व त्यानें गुणगुणहि कमी होते. प्लग सॉकेटास घट्ट धरून बसावा, परंतु काढतांना सॉकेटच उपटून येईल इतका घट्ट नसावा. साल लवचीक असावी. टेलिव्हिजनच्या अँटेनासाठीं जी 'आर.जी. ६' नांवाची तार मिळते, तिला योग्य प्लग लावून घेतले तर तीहि हें काम चोख करते; मात्र तिच्या स्वस्त प्रकारांत शीर तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची व जाळी ॲल्युमिनियमची असते, आणि ॲल्युमिनियमला साधें डाख धरत नाहीं. तेथें दाबून बसविण्याचेच प्लग घ्यावे. एकाच्या दोन करणाऱ्या जोडतारेचाहि आग्रह धरूं नये. पेटीवर 'एल.एफ.ई.' असें लिहिलेलें सॉकेट असेल तर त्या एकांतच तार खोंचावी, तेवढें पुरतें.

तार विकत घेण्यापूर्वीं पेटीची जागा निश्चित करावी; कारण खर्जाच्या लाटा खोलींत एके ठिकाणीं फुगतात तर दुसरे ठिकाणीं जवळजवळ लोपतात. जागा शोधण्याची एक रीत गमतीची पण पक्की आहे. पेटी तात्पुरती आपल्या नेहमींच्या बैठकीवरच ठेवावी, खर्ज भरपूर असलेलें एखादें वादन सुरू करावें, आणि जेथें जेथें पेटी ठेवणें शक्य आहे तेथें भिंतीकडेनें रांगत जाऊन कान द्यावा. जेथें तो स्वर भरदार पण स्वच्छ ऐकूं येईल, तीच पेटीची जागा. हें काम घरांतील बालगोपाळांवर सोंपविल्यास वडील मंडळींच्या गुडघ्यांवर प्रसंग येत नाहीं. जागा ठरल्यावर सुतळीनें, तार ज्या मार्गानें जाणार त्याच मार्गानें, कोपरे व चौकटी वळसे घेऊन मोजावें, आणि वर मीटरभर सैल सोडावें. नुसत्या नजरेनें अंदाज करून आणलेली तार हटकून हातभर अपुरी पडते, आणि मग ती जमिनीवरून तिरपी ओढली जाते.

हें तिरपें ओढणेंच टाळावयाचें आहे. एकत्र कुटुंबाचा दिवाणखाना ही रहदारीची जागा. पहांटे दिवा न लावतां उठणारीं आजी, काठी टेकीत येणारे काका, ताटें घेऊन जाणाऱ्या सुना यांच्या वाटेंत ताणलेली तार म्हणजे एखाद्या दिवशीं मोडलेलें हाड. गालिच्याखालून नेलेली तार दिसत नाहीं एवढेंच. पायांखालीं तुडवून तुडवून तिची जाळी तुटते. तार स्कर्टिंगच्या कडेनें, प्लॅस्टिकच्या पट्टींत बंद करून न्यावी. दार आल्यास चौकटीवरून वळसा घालावा, उंबरठा ओलांडूं नये. वळण काटकोनांत मोडूं नये, बांगडीसारखें गोल ठेवावें. विजेच्या तारांपासून निदान वीतभर अंतर राखावें. त्या ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडावें, आणि दोन्ही एकाच नळींत कदापि घालूं नयेत. घराची डागडुजी चालूं असेल तर भिंतींत २५ मिलिमीटरची स्वतंत्र नळी घालून तींत ओढण्यासाठीं एक साधी तार सोडून ठेवावी; याहून अरुंद नळींत प्लग अडकतो.

इतकें करूनहि 'घों घों' येतें त्याचें काय? आपल्या देशांत घरची वीज सेकंदाला ५० आंदोलनांची असते; हा आंकडा सबवूफरच्या राज्यांत अगदीं मध्यावर पडतो. लहान ध्वनिक्षेपक जी गुणगुण उमटवूंच शकत नाहीं, ती सबवूफर प्रामाणिकपणें मोठी करून ऐकवितो. ती बहुधा दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळें उद्भवते. रिसीव्हर एका बोर्डावर, सबवूफर दुसऱ्या, आणि केबल टेलिव्हिजनची तार तिसरीकडूनच जमिनीशीं जोडलेली. अशा स्थितींत जाळी धरून एक कडें तयार होतें व त्यांतून विजेचा क्षीण प्रवाह फिरूं लागतो. शोध क्रमानें घ्यावा. प्रथम यंत्रें बंद करून सबवूफरची संदेशतार काढावी व एकटी पेटी सुरू करावी; तरीहि आवाज राहिला तर दोष पेटींत आहे. तो थांबला, तर तार पुन्हां जोडून टेलिव्हिजनची बाहेरून येणारी तार काढून पाहावी. आवाज गेल्यास चोर सांपडला. मग सर्व यंत्रें एकाच बोर्डावर घ्यावीं. तेवढ्यानें न भागल्यास केबलवाल्याच्या तारेवर 'गॅल्व्हॅनिक आयसोलेटर' बसवावा. छतावरील डिशला तिच्या तारेंतूनच वीज जात असल्यामुळें तेथें तो चालत नाहीं; तेथें सबवूफरच्या तारेवर ध्वनीसाठींचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तो चांगल्या प्रतीचा घ्यावा, कारण हलका ट्रान्सफॉर्मर अगदीं तळचा खर्जच खाऊन टाकतो.

आतां त्या मोडलेल्या पिनेविषयीं. तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पिन अर्थिंगची. प्लग आंत शिरतांना ती सर्वांआधीं जोडली जावी व निघतांना सर्वांमागून सुटावी, म्हणून ती लांब. यंत्रांतील आवरण झिजून २३० व्होल्टची जिवंत तार धातूच्या अंगास टेकली, तर प्रवाह या पिनेवाटे जमिनीकडे धांव घेतो व फ्यूज वितळतो किंवा एम.सी.बी. पडतो. पिन मोडल्यानें कडें तुटतें, म्हणून गुणगुण थांबते. परंतु त्याच क्षणीं हें संरक्षणहि तुटतें. यंत्र पूर्ववत् वाजत राहतें, त्यामुळें कोणाच्या कांहीं लक्षांत येत नाहीं. शिवाय संदेशतारेची जाळी सर्व यंत्रांचीं अंगें एकमेकांशीं जोडीत असते. म्हणून एका पेटींत उतरलेली वीज दुसऱ्या, वरकरणीं निर्दोष, यंत्रावरहि येऊन उभी राहूं शकते. ती कोणाची वाट पाहत असते? ओल्या फडक्यानें कपाट पुसणाऱ्या गृहिणीची, किंवा पेटीस धरून उभें राहूं पाहणाऱ्या मुलाची. जीं यंत्रें मुळांतच दोन पिनांचीं येतात त्यांस दुहेरी आवरण असतें, व त्यांवर चौकोनांत चौकोन अशी खूण असते. त्यांची गोष्ट निराळी. परंतु कारखान्यानें दिलेली तिसरी पिन काढण्याचा अधिकार कारागिरास नाहीं, आणि गृहस्वामीसहि नाहीं.

मौल्यवान तारेचे वांचलेले पैसे अनुभवी वायरमनकडून घरचें अर्थिंग तपासून घेण्याकडे, आणि ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. नसल्यास ती बसविण्याकडे लावावे. सबवूफरच्या तारेची निवड सवडीनें केली तरी चालण्यासारखी आहे. पिन मोडलेला प्लग ज्यांच्या घरीं असेल, त्यांनीं मात्र तो आजच, हा अंक मिटून, बोर्डांतून काढावा, आणि नवा बसविल्याखेरीज यंत्र सुरू करूं नये.