गणित बरोबर, पण पुढं काय?

गेल्या गणपतीला भाचा बेंगळूरहून आला तो तोंड पाडूनच. तो डेटा सायंटिस्ट झाला तेव्हा आमच्या ताईनं गल्लीत पेढे वाटले होते. २०१२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने या नोकरीला एकविसाव्या शतकातली सर्वांत आकर्षक नोकरी ठरवलं आणि घरोघरची मुलं तिकडं वळली. याला त्यात आठ वर्षं झाली. पगार बरा, पण चार वर्षं हुद्दा तोच आणि कामही तेच. कोणते ग्राहक कंपनी सोडून जातील याचा अंदाज काढायचा आणि यादी पुढच्या खात्याला धाडायची. मागून आलेले दोघे वर गेले. यानं तीन नवे कोर्स केले, प्रमाणपत्रं मिळवली, फरक शून्य.

रात्रीच्या आरतीनंतर त्यानं मोबाइलवर लिहून ठेवलेला राजीनामा दाखवला. “एन माडली, मामा?” अडचणीत सापडला की तो कन्नडवर येतो. घराचे हप्ते चालू, लग्नाची बोलणी चालू. ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी अर्थशास्त्राचा मास्तर. विचारलं, “शंभरातले किती ग्राहक सोडून जातात?”

“सहा.”

“मग ‘कोणीच जाणार नाही’ असं मी डोळे मिटून सांगितलं, तरी चौऱ्याण्णव टक्के बरोबर!”

तो हसला. “मामा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आमची मापं वेगळी असतात.”

“बरं, यादी धाडल्यावर पुढं काय होतं?”

यावर मात्र तो गप्प झाला. आठ वर्षांत हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

मग मी त्याला पां. वा. सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस लंडनला संख्याशास्त्र शिकून आला. पिकाचा अंदाज कचेरीत बसून न बांधता, चिठ्ठी टाकावी तशी शेतं निवडायची, ठरावीक तुकड्यातलं पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं, ही पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत ते होते. १९५१ साली ते रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले आणि पुढं आहाराच्या प्रश्नाकडं वळले. आकडा कुणाच्या ताटापर्यंत पोचतो, हे पाहत गेले म्हणून त्यांचं काम वाढत गेलं.

भाचा परत गेला आणि दोन दिवस फोन करणाऱ्या मुलींच्या शेजारी बसून राहिला. यादीत दोन हजार नावं, आठवड्याला फोन होत होते जेमतेम तीनशे. वरच्या नावांतल्या बऱ्याच जणांचं जायचं आधीच पक्कं झालेलं. हुबळीचा माणूस कन्नडमध्ये चिडत होता, कोल्हापूरचा मराठीत. रागाचं कारण एकच: तक्रार न सुटताच ‘सुटली’ अशी नोंद झालेली. दोन्ही भाषा येत असल्यानं ते याच्या लगेच ध्यानात आलं. आम्हा सीमेवरच्यांना दोन भाषांचं कौतुक नसतं, पण तिथं तीच कामाला आली. “लेक्का बरोबर ऐति मामा,” तो फोनवर म्हणाला, “प्रश्नच चुकीचा होता.” कोण जाणार, यापेक्षा कुणाला थांबवता येईल, हे शोधायला हवं होतं. आता चिठ्ठ्या टाकून काही ग्राहकांना फोन करायचे, काहींना नाही, आणि फरक मोजायचा, असा प्रयोग त्यानं साहेबांपुढं ठेवला. “मग आपण काय करायचं?” असं साहेबांनी त्याला पहिल्यांदाच विचारलं.

बढती अजून मिळालेली नाही. राजीनामाही मोबाइलमध्ये तसाच आहे, तारीख न घातलेला. काही घरांना वरचा मजलाच नसतो, तिथून निघावं लागतं. पण आता निघाला तरी सांगण्यासारखं काही घेऊन निघेल. ताईला त्यानं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “आधीच बोलायचं की रे.”

आणि मी? माझ्या वहीतल्या नोट्सही अठरा वर्षं त्याच. ‘पुढं काय होतं?’ हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला होता? येत्या सोमवारी मागणी-पुरवठ्याचा तास फळ्यावर नाही, भाजी मार्केटात घेणार आहे.