कोयत्याचा भाव

दिवाळी उलटून आठ-पंधरा दिवस होतात न होतात तोच नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर येथे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याच्या कडेला, पहाटेच्या काळोखात, सातपुड्याच्या पाड्यांवरून उतरलेली माणसे गाठोड्यांवर बसून ट्रकची वाट पाहू लागतात. आणि ज्याने हे दृश्य एकदा जवळून पाहिले असेल, त्याला आपल्या वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानाकडे पूर्वीच्या श्रद्धेने पाहता येईल असे मला वाटत नाही. ज्वारीच्या पिठाची थैली, जर्मनची दोन पातेली, पालासाठी घडी घातलेली ताडपत्री, टोपलीखाली झाकलेली कोंबडी आणि पात्याला चिंधी गुंडाळलेला कोयता, एवढाच त्या बिऱ्हाडाचा जाबता असतो. एक मूल आईच्या कडेवर असते, दुसरे तिचा पदर धरून उभे असते. त्या दुसऱ्याचे नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर असते, आणि हंगाम संपेपर्यंत नाव तेवढे तेथे राहते, मूल राहत नाही.

ही माणसे सुरत-बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला निघालेली असतात. घरातले धान्य ऐन पावसाळ्यात संपते, त्याच सुमारास मुकादम दारात उभा राहतो आणि उचल देतो; त्या उचलीवर शेकडा पन्नासपर्यंत व्याज कापले जाते, अशी तक्रार तेथील मजूर अधिकार मंच या संघटनेने वारंवार केलेली आहे. हिशेब माणसाचा होत नाही, कोयत्याचा होतो. एक कोयता म्हणजे एक जोडपे: नवऱ्याने तोडायचे, बायकोने पाचट काढून मोळ्या बांधायच्या, आणि दोघांनी मिळून मध्यरात्री गाडी भरायची. गुजरात सरकारने ठरविलेला तोडणीचा किमान दर 2022 अखेरपर्यंत टनाला 238 रुपये होता. संघटनेच्या दीर्घ खटपटीनंतर 2023 च्या आरंभापासून तो 476 झाला. एका जोडप्याच्या हातून दिवसाकाठी साधारण टनभर ऊस तुटतो, हे लक्षात घेतले म्हणजे जुना दर माणशी 119 रुपयांचा होता आणि दुप्पट झालेला नवा दर माणशी 238 रुपयांचा झाला, हे कोणासही ताडता येईल.

या व्यवहारास अर्थशास्त्राच्या प्रचलित परिभाषेत मुक्त बाजार असे म्हणतात, आणि माझा आक्षेप नेमका या ‘मुक्त’ शब्दावर आहे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेत अनेक दशके राहून-फिरून जे दाखवून दिले ते असे, की कारखान्याच्या शिवारातच राहणारा भूमिहीन हळपती मजूर हाताला काम नाही म्हणून बसून असताना हजारो माणसे खानदेशातून मुद्दाम आणली जातात. कारण परमुलखातला, कर्जात बांधलेला, पडावावर मुक्कामास असलेला मजूर रात्री-अपरात्री हाकेसरशी उठविता येतो आणि हंगाम सरताच परत धाडता येतो. ज्याने भाद्रपदात घेतलेल्या उचलीपोटी कार्तिकापासूनचे आपले श्रम गहाण टाकले, त्याला सौदा करण्याचे स्वातंत्र्य उरले आहे असे मानणे ही शुद्ध फसवणूक आहे. यावर कोणी म्हणेल, की हे कारखाने सहकारी आहेत, त्यांचा दोष भांडवलशाहीच्या माथी का मारता? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. त्या सहकारात ऊस पिकविणारा सभासद आहे, ऊस तोडणारा नाही. आणि 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर मजुरी म्हणजे केवळ कमी करावयाचा खर्च, ही दृष्टी एकदा राज्यकर्त्यांनी आणि शिक्षितांनी शिरोधार्य मानल्यावर सहकारी संस्थेची आणि खासगी कंपनीची खतावणी एकाच हाताने लिहिल्यासारखी दिसू लागली. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी 1979 साली केलेला स्वतंत्र कायदासुद्धा 2020 च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला.

परंतु मजुरीच्या तुटपुंजेपणाहून मला अधिक अस्वस्थ करते ती आपली भाषा. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. त्यापायी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, हे अर्थमंत्र्यांनी स्वतः सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत त्यास ‘प्रोत्साहन’ आणि ‘सुधारणा’ अशी नावे मिळाली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने आदिवासी कुटुंबांसाठी खावटीची योजना पुन्हा सुरू केली, निम्मी रोख आणि निम्मी धान्य-किराण्याच्या रूपाने, कुटुंबामागे चार हजारांची. ती मात्र शहाण्यासुरत्या माणसांच्या बोलण्यात ‘फुकट वाटप’ ठरली. एकाच तिजोरीतून निघालेल्या दोन रकमांस दोन नावे कोण देतो, आणि ती आपल्या तोंडी इतक्या सहजतेने कशी बसतात, याचा विचार वाचकाने करावा.

ती नावे वृत्तमाध्यमांच्या द्वारे आपल्यापर्यंत येतात, आणि वृत्तमाध्यमांची मालकी आता कोणाकडे आहे हे गुपित नाही. 2014 मध्ये नेटवर्क 18 हा समूह रिलायन्सच्या ताब्यात गेला. 2022 सरता सरता एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेली. 2009 च्या आपल्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्याचे प्रकरण पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले, तेव्हा तर कलंक आपल्या मराठी पत्रांच्याच कपाळी लागला होता. बातमीदार व्यक्तिशः अप्रामाणिक असतात असे मी म्हणत नाही. तालुक्याच्या गावी तुटपुंज्या मानधनावर राबणारे, जाहिरात गोळा करण्याचे कामही ज्यांच्या गळ्यात बांधलेले असते असे कित्येक सच्छील तरुण मी पाहिले आहेत. पण ज्या पत्राचा चरितार्थ जाहिरातदारावर चालतो आणि ज्या वाहिनीचा धनी स्वतःच बंदरे, खाणी व दूरध्वनीचा व्यापारी आहे, तेथे कोयत्याच्या दराची बातमी आपोआप मागे पडते. ती दडपण्यासाठी कोणाला फर्मान काढावे लागत नाही.

असे नेहमीच होते असे नाही. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविले. गिरणीत नोकरी केलेल्या या माणसाने गिरणीकामगारांचे गाऱ्हाणे सतत मांडले, सभा भरविल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण सारे जी सुटी उपभोगतो तिच्या मागे एक गरीब मराठी वर्तमानपत्र उभे आहे. आमच्याच अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सरदार सरोवरात बुडालेले गाव तेथील माणसे हटेनात म्हणून जगाला ठाऊक झाले, इतके की मोठ्या धरणांना जागतिक बँकेने कर्ज देऊ नये या मागणीच्या 1994 च्या जाहीरनाम्यास त्या गावाचे नाव देण्यात आले. माणसे रस्त्यावर आली की बातमी होते. ती निमूटपणे ट्रकमध्ये चढतात तेव्हा होत नाही. 2012 च्या मानव विकास अहवालात नंदुरबार जिल्हा राज्यात तळाशी होता, त्या अवस्थेमागे हे दरसालचे निमूट स्थलांतरही आहे.

म्हणून मराठी संपादकांस माझी विनंती आहे. सोने, कापूस, सोयाबीन आणि शेअर यांचे भाव आपण नित्य छापता. त्याच पानावर, हंगाम चालू असेतोवर, ऊसतोडीचा सरकारी दर आणि मजुराच्या हाती प्रत्यक्ष पडलेला दर हे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत, आणि त्यासाठी येत्या दिवाळीनंतर आपला एक बातमीदार पहाटे चारला खापरच्या रस्त्यावर धाडावा. ट्रक उजाडण्यापूर्वी निघतात.